सातवा कागद

हामाझे, अन्सेई पाचवं वर्ष, चौथा महिना (१८५८)

शुनपेई,

आधी जेव, मग हे वाच. उपाशी असलास की तुला सगळं जग वाकडं दिसतं, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

मिठाच्या होडीवाल्याकडे हे पत्र देतेय. तो नागासाकीला जातो आणि तोंडाचा घट्ट आहे. हद्दपार माणसाला पत्र लिहिणं गुन्हा आहे, असं शेजारची ओकिन मला दोनदा सांगून गेली. दोनदा! म्हणजे मी लिहिणारच याची तिला खात्री आहे.

गावात अजून तोच विषय. मासे घ्यायला गेले तरी कोळीण टोपली मागे सरकवत सरकवत म्हणते, "ओतोसेबाई, बोट अशीच गेली ना?" आणि सगळ्या खिदळतात. मी म्हटलं, हसा. दोनशे वर्षं दारं लावून बसलेला देश, आमच्यापैकी कुणी वाफेचं जहाज लांबूनसुद्धा धड बघितलेलं नाही. राजांना एक दिवस वाटतं की परक्यांची वाफेवरची काळी जहाजं आली, आता आपणही एक करू. मग कंदील करणाऱ्या माझ्या नवऱ्याला सांगतात यंत्र कर, आणि ठसे कोरणाऱ्याच्या मुलाला, म्हणजे तुला, सांगतात डच पोथी वाच. का? तर तू वैद्यांकडे चार वर्षं डच शिकलास. बोट पाण्यावर तरंगली, धूर आला, चाकं फिरली, हेच नवल नव्हतं का?

पण फिरली ती उलटी. थेट मागे, खायचं शेवाळ पिकवायला पाण्यात रोवलेल्या काठ्या कडाकडा मोडत राजांच्या तंबूकडे. त्या कुराता कारभाऱ्यांचा पोरगाच पहिला हसला, आणि बापाची चपराक त्याच्या गालावर बसेपर्यंत सगळा किनारा हसत सुटला होता. राजे उठून गेले. कुरातांचा चेहरा पांढराफटक. "चूक कोणाची?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा श्वास पुरा व्हायच्या आत तू म्हणालास, "माझी. मी पोथी चुकीची वाचली."

इतकी घाई का केलीस रे? कुणी विचारसुद्धा केला नव्हता अजून.

तुझे दाजी तुला सगळ्यांदेखत पोपट म्हणाले, ते मनावर घेऊ नकोस. गेनझोचं डोकं तापलं की जीभ सुटते. मी काही बोलले नाही. तिथे बायकांनी बोलायचं नसतं, तान्ही फुमी पाठीवर रडत होती, वगैरे. कारणं भरपूर आहेत बघ.

एक विचारायचं होतं. तू तापानं पडला होतास तेव्हा पोथीतल्या आकृत्यांचे ते सात कागद... जाऊ दे. अंगात जाड काहीतरी घाल. नागासाकीला वारा असतो म्हणतात.

ताई

हामाझे, मान्एन पहिलं वर्ष, दहावा महिना (१८६०)

शुनपेई,

बोट पुढे गेली.

काल सकाळी, राजांच्या समोर, खाडीच्या तोंडापर्यंत आणि परत. दाजींना सामुराईंसारखं आडनाव मिळालं, तलवार मिळाली. तलवार त्यांना बसताना आडवी येते, म्हणून घरात ती छत्र्यांबरोबर उभी असते. आता सांगते कसं झालं ते. या वेळी पळणार नाही.

यंत्र दोन वर्षं गोदामात पडून होतं. दाजी रोज जाऊन त्याच्याकडे बघत, आणि रोज तुझ्या नावानं बोटं मोडत. महिन्यापूर्वी ते न्हाणीघरात असताना मी भिंतीवरचा सातवा कागद काढला. वाफ आधी कोणत्या तोंडानं आत शिरणार ते ठरवणारी चकती त्यावर आहे. खिडकीशी धरला. मग जाड कागदापासून एक कोपरा सोडवून आत शाईच्या बाजूवरून बोट फिरवलं, आणि बोटाला वाळलेली खळ लागली. खळ शाईच्या बाजूला, शुनपेई!

पुन्हा चाचपलं. खळच.

बाबांच्या दुकानात बारा वर्षं मी हेच केलं. तलम कागदावर चित्र काढायचं, खळ लावायची आणि चेरीच्या फळीवर पालथं चिकटवायचं, म्हणजे कोरताना उलटं दिसेल आणि छापल्यावर सुलटं उमटेल. तुला ताप होता, पोथी चार दिवसांत परत करायची होती, म्हणून सातही कागद मी गिरवून जाड कागदावर चिकटवले. सहा नीट लावले. सातव्याच्या वेळी फुमी पाठीवर किंचाळून उठली, मी तिला थोपटत राहिले आणि हातांनी त्यांना ठाऊक असलेलं काम केलं. क, ख, ग ही अक्षरं तू बरा झाल्यावर भरलीस, तीही मागच्या बाजूला. पोथी तू बरोबर वाचली होतीस. पोथी बरोबर होती, तू बरोबर होतास. चूक माझी होती.

बाईमाणसानं राजांच्या पोथीला हात लावला हे कळलं असतं तर दाजींची मान गेली असती, हे खरं आहे. पण ते खरं आहे म्हणून मी गप्प बसले नाही. मला भीती वाटली म्हणून गप्प बसले.

आणि अजून एक. दाजींना मी सांगितलं, "शुनपेईनं हा कागद उलटा लावलाय, उजेडाशी पालटून बघा." त्यांनी पालटला, बघितला, आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "तुझ्या भावानं माझी दोन वर्षं खाल्ली!" मी त्यांच्यापुढे भाताची वाटी सरकवली. एवढंच केलं.

पण मी हा विषय सोडणार नाही. तुला या गावात परत आणीन. राजांपुढे जाईन आणि स्वतःच्या तोंडानं सांगेन. फक्त फुमी जरा मोठी होऊ दे.

ताई

हामाझे, मेइजी चौथं वर्ष, नववा महिना (१८७१)

शुनपेई,

यासोबतचं जुनं पत्र आधी वाच. अकरा वर्षं ते माझ्या शिवणाच्या पेटीत होतं. पाठवलं नाही. दर नव्या वर्षाला पेटी झाडायची, पत्र उचलायचं, परत ठेवायचं.

वाचलंस? बरं. आता पुढचं.

मी गेले. महिन्यापूर्वी, चांगला किमोनो घालून, केस बांधून, किल्ल्यावर गेले. रस्त्यात काय बोलायचं ते घोकत होते. दरवाजाशी पहारा नाही. आत गेले तर अंगणात चिलखतं रांगेनं मांडलेली, आणि ओसाकाचा एक व्यापारी त्यांना भांड्यांसारखं टिचक्या मारून बघतोय. एकच कारकून होता, तो जुनी दफ्तरं चुलीत घालून चहा करत होता.

मी म्हटलं, "मला राजांपुढे एक गुन्हा कबूल करायचाय."

"राजे तोक्योला गेले, बाई. राज्य बरखास्त झालं. आता जिल्हा आहे."

"मग कुराता कारभाऱ्यांपुढे करते."

"ते वारले हिवाळ्यात. चहा घेणार?"

मी म्हटलं, चहा राहू द्या, माझ्या भावाची हद्दपारी तेवढी रद्द करा. तो म्हणाला, "बाई, हद्दपार कुठून? ती हद्दच उरली नाही. मी रद्द तरी काय करू?"

म्हणजे बघ, तुझी शिक्षा कुणी माफ केली नाही. ती हरवली. तेरा वर्षं मी धीर गोळा करत होते, आणि ज्यांना घाबरत होते ते दुकान बंद करून निघून गेले. पायरीवर बसून मी रडले, आणि मग मला इतका राग आला की तशीच उठून घरी गेले आणि दाजींना सगळं सांगितलं.

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. म्हणाले, "तेरा वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. एकदा तरी माझं तोंड धरायचंस." बस्स. महिनाभर एकटेच जेवले. काल मात्र एक नवा कंदील करून दारात टांगला. मी विचारलं, हा कुणाचा? म्हणाले, "पोपट अंधारात आला तर त्याला घर सापडायला हवं."

नागासाकीचा एक माणूस सांगत होता की तू इंग्रजी जहाजात कोळशाआड लपून गेलास आणि आता न्यूकॅसल नावाच्या गावी जहाजांच्या आकृत्या काढतोस. गेलास तेव्हा देशाबाहेर पाऊल टाकणाऱ्याचं मुंडकं उडवत होते. आता तेच सरकार हुशार मुलांना हार घालून तिकडे पाठवतंय! तू नेहमीच चार पावलं आधी, आणि नेहमी मार खाणारा.

ये ना. कुणी अडवणार नाही आता.

ताई

हामाझे, मेइजी सहावं वर्ष, जून (१८७३)

शुनपेई,

पंधरा वर्षांनी उत्तर पाठवलंस आणि तेही तीन ओळींचं? "ताई, दोन्ही पत्रं पोचली. मला माहीत होतं. बाबांची कोरणी कुणाकडे आहे?"

माहीत होतं! केव्हापासून? अक्षरं भरताना खळ हाताला लागली होती? की किनाऱ्यावर, बोट मागे सरकली तेव्हा डोक्यात लख्ख झालं? आधीच माहीत असेल तर बोट सुटूच का दिलीस, गाढवा? आणि तिथे कळलं असेल, तर एका क्षणात ठरवून टाकलंस की ताईला वाचवायचं आणि आपण जायचं? मला विचारायचं तरी होतंस. मी नको म्हटलं असतं.

नाही. नसतं म्हटलं. आपल्या दोघांनाही ते माहीत आहे, म्हणून मला हा एवढा राग आलाय. तू भांडला असतास तर मला बरं वाटलं असतं.

कोरणी माझ्याकडे आहे. देणार नाही. हवी असेल तर येऊन घे.

ताई

हामाझे, मेइजी अठ्ठावीस, मे (१८९५)

शुनपेई,

दाजी गेले. बारा तारखेला, सकाळी. दोन दिवस आधी शुद्धीत होते तेव्हा फुमीला विचारत होते, "पोपट आला का?" ती म्हणाली वाटेत आहे. खोटं बोलली, आमच्या घरात ते रक्तातच आहे.

चीनला हरवल्याची मिरवणूक नेमकी त्याच दिवशी होती. अंत्ययात्रेला थांबावं लागलं, कारण रस्ता झेंड्यांनी भरलेला. माझ्या लहानपणी समुद्रावर परकं शीड दिसलं की मंदिराची घंटा बडवायचे आणि आम्ही पांघरुणात तोंड लपवायचो. आता फुमी शिकवते त्या शाळेतल्या पोरी जगाच्या नकाशावर बोट ठेवून पुढचं काय घ्यायचं ते सांगतात. एका आयुष्यात एवढं! अभिमान वाटतो, नाही कशाला म्हणू. दाजींनी केलेल्या त्या भांड्याएवढ्या यंत्रापासून हे सुरू झालं, असं मला वाटतंच.

तुझं पत्र पोचलं. वीस वर्षांत पाचवं. आपल्या आरमाराच्या जहाजांच्या आकृत्या तुझ्या हातच्या आहेत, हे इथे कुणाला ठाऊक नाही. सरकारी माणसं तुला घ्यायला आली आणि तू त्यांना परत पाठवलंस, हे वाचून मी कपाळावर हात मारला. पण तू पुढे लिहिलंस ते मला समजलं. "मला गावानं चारचौघांत घालवलं. सरकारनं बोलावून काय उपयोग? गावानं चारचौघांत बोलवावं."

ठीक आहे. तुझं म्हणणं रास्त आहे. मी बासष्ट वर्षांची आहे आणि मला अजून चांगलं दिसतं. बघते.

ताई

हामाझे, मेइजी अडतीस, नोव्हेंबर (१९०५)

शुनपेई,

जेवलास ना? मग बस. हे मोठं आहे.

रशियाला हरवलं, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. ज्या रशियाला अख्खा युरोप वचकून होता त्याचं आरमार आपण बुडवलं, आणि आता म्हणे आपण बड्या देशांच्या पंगतीत मांडी घालून बसलो. गावातले एकोणीस जण लढाईत गेले. विजयाच्या आनंदात गावानं ठरवलं की किनाऱ्यावर दगड उभा करायचा, "या ठिकाणाहून आपली पहिली वाफेची बोट निघाली." मजकूर मंजूर करायला नगराध्यक्ष स्वतः माझ्याकडे आले. कोण, सांग? कुराता. त्या कारभाऱ्यांचा मुलगा, चपराक खाल्लेला.

मजकूर वाचला. बोट पहिल्याच प्रयत्नात बाणासारखी पुढे गेली. गेनझोचं नाव. तुझं नाही.

मी म्हटलं, "मागे गेली होती."

"काकू, ते सगळ्यांना ठाऊक आहे हो. पण जगाशी लढाई जिंकलेल्या देशाची पहिली बोट मागे गेली, असं दगडावर कसं लिहायचं?"

"जशी गेली तसं. आणि माझ्या भावाचं नाव घाला. त्याला उगाच घालवलं."

"फुमीताईंच्या शाळेत सरळ गेली असंच शिकवतात. पुस्तकात छापलंय."

"पुस्तकाला काय कळतंय? तू तिथे होतास. पहिला हसलास तो तू."

त्यांचा हात गालाकडे गेला, शपथ! पण म्हणाले, "दगड कोरायला गेलाय, काकू," आणि टोपी घालून निघाले.

मी रात्रभर चिडले वगैरे नाही. सकाळी उठून चेरीची फळी आणली, बाबांची कोरणी काढली आणि बसले. बहात्तराव्या वर्षी बोटं ऐकत नाहीत. दोन फळ्या फुकट गेल्या. फुमी म्हणाली, "आई, छापखान्यात देऊ, तासाभरात होईल." मी म्हटलं, ज्या हातांनी बिघडवलं तेच निस्तरतील, तू फक्त तुपासारखी खळ कर, गाठी नकोत. अकरा दिवस लागले. मजकूर असा:

"ही बोट पहिल्या दिवशी मागे गेली. सातवा कागद मी, गेनझोच्या बायकोनं, ओतोसेनं, उलटा चिकटवला आणि गप्प बसले. शुनपेईनं पोथी बरोबर वाचली होती. माझी चूक त्यानं आपल्या अंगावर घेतली आणि गावानं त्याला घालवलं. गावानं त्याला परत बोलवावं."

दगडाच्या समारंभाला सगळं गाव आलं होतं. बँड, झेंडे, दोन लष्करी पाहुणे. मी आणि फुमी रांगांमधून कागद वाटत गेलो. हवालदार आडवा आला, "आजी, परवानगी आहे का?" मी त्याच्याही हातात एक दिला. तो वाचायला लागला आणि वाटेतून बाजूला व्हायला विसरला नाही, तेवढं पुरलं.

मग सगळे वाचायला लागले. नुसता कागदांचा आवाज. वाटलं, आता दगड मारतील, या विजयाच्या दिवशी ही म्हातारी कसली घाण घेऊन आली म्हणतील. तेवढ्यात मागून शेजारच्या ओकिनचा आवाज, तोच, कर्कश, "आणि आमच्या बापाच्या शेवाळाच्या काठ्या मोडल्या त्याचं कोण छापणार गं?"

हसला ना किनारा! तसाच, सत्तेचाळीस वर्षांपूर्वीसारखा. लष्करी पाहुणेसुद्धा एकमेकांना विचारत होते काय झालं.

एक माणूस हसला नाही. तोफू विकणारा ताकुझो. त्याचा मुलगा पोर्ट आर्थरला रशियाशी लढताना मेला. त्यानं कागद दोनदा वाचला, माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "चूक झाली, असं लिहिता येतं का हो? माझा मुलगा गेल्याचं लष्कराचं पत्रक आलं, त्यात सगळं ठरल्याप्रमाणे पुढे गेलं, असंच लिहिलंय." मी त्याचा हात धरून उभी राहिले. मला या देशाचा अभिमान आहे आणि आता पहिल्यांदा भीतीही वाटते. मागे गेलो हे सांगायची ज्यांना लाज वाटते, ते पुढे कुठवर जातील कोण जाणे.

ताकुझोनं मग खिशातून सहीऐवजी मारतो तो आपल्या नावाचा शिक्का काढला. कागद पालथा करून माझ्या पाठीवर ठेवला आणि मागच्या बाजूला ठसा मारला. "बोलवावं असं मला वाटतं," म्हणाला, मोठ्यानं, चारचौघांत. त्याच्यामागे ओकिन. मग कोळणी, मग शाळेतले मास्तर. लोक घरी जाऊन शिक्के घेऊन आले. मी वाकून उभी, आणि माझ्या पाठीवर गाव ठसे मारतंय. फुमी रडत होती आणि शाई धरत होती.

तोच कागद तुला पाठवतेय. पुढची बाजू माझी आहे, मागची गावाची. एकशे बारा शिक्के आहेत, एकेक नाव वाच. दगडावर अजून खोटंच लिहिलंय, त्याचं नंतर बघू. पण सगळ्यात खाली, डाव्या कोपऱ्यात, कुरातांचाही शिक्का आहे. संध्याकाळी एकटेच आले, टोपी हातात घेऊन. तो ठसा उलटा पडलाय. तेवढं चालवून घे, पहिल्यांदा कुणाच्याही हातून होतं.

मजकूर मात्र तपासून बघ. या वेळी कागद फळीवर मुद्दाम पालथा चिकटवला होता, म्हणून सुलटा उमटलाय.

चारचौघांत बोलावलंय. आता तुझ्याकडे सबब नाही. दाजींच्या कंदिलाला नवा कागद लावलाय, कोरणीला धार केली आहे.

येऊन घे.

ताई